बिनकानाचा कप

रिबकामावशींच्या घरात नुसतं बसून राहायची कुणाला परवानगी नव्हती. माणसांचं म्हणत नाही मी. माणूस त्या घरात एकच होतं, त्या स्वतः. मी म्हणते ते दाराशी झोपलेल्या मांजराबद्दल. ते मांजर मातीचं, भाजलेलं, राखाडी झिलईचं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ते अडवून धरायचं, हे त्याचं काम. स्वयंपाकघरात ओट्यावर एक चिंबोरी, म्हणजे खेकडा, बसलेली असे. तिची पाठ उचलली की आत मीठ. तेलाच्या बरणीचं झाकण म्हणजे कर्नाळ्याचा सुळका, धरायला अगदी अंगठ्यासारखा. आणि मोरीत साबण ठेवायला एक उघडा तळहात होता, बोटं जराशी वर वळलेली, पाणी निथळायला बोटांमधून फटी. पहिल्यांदा त्या हातावरचा साबण उचलताना मी दचकले होते. कुणीतरी आपल्याला काहीतरी देतंय, असं वाटलं.

"माझ्या आईचा हात," मावशी म्हणाल्या होत्या. "जन्मभर कामाचा होता. मग कामालाच लावला."

मावशी बेने इस्रायल. पनवेलमधल्या जुन्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे, शनिवार पाळणारे ज्यू. त्यांच्या आळीत एकेकाळी अशी बरीच घरं होती म्हणे. एकेक करून सगळी इस्रायलला गेली. मावशींची मुलगीही गेली. नवरा आधीच वारला होता. मावशींनी विजेच्या खांबावरचे चिनीमातीचे इन्सुलेटर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली, तिथेच त्यांना माती कळली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडाच्या पैशांतून काय करावं, तर मागच्या पडवीत विजेची भट्टी बसवली. आळीतले लोक म्हणाले, बाईला एकटेपणानं वेड लागलं. मावशी म्हणायच्या, "लागलंच होतं. भट्टी आली आणि उतरलं."

आमची पहिली भेट भांडणातच व्हायची, थोडक्यात वाचली.

मी पनवेलजवळच्या नेरे गावची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी पहिली मीच. बी.कॉम. आहे, आणि ते मी सांगते. लपवायला मी काही चोरी केलेली नाही. शिकवणीचे वर्ग काढायचे म्हणून मी पनवेलमध्ये भाड्यानं खोली शोधत होते आणि कुणीतरी मावशींच्या पुढच्या खोलीचं सुचवलं. बाबांनी मला टेंपोतून सोडलं. ते काही उतरले नाहीत. त्यांना कुणाच्या घरात जायचा संकोच. ते आळीच्या तोंडाशी टेंपो लावून बसले आणि उशीर होतोय असं वाटलं की हॉर्न द्यायचे, लांबलचक, बैल हंबरल्यासारखा.

मावशींनी चहा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मी कपाकडे बघितलं. कपाला कान नव्हता.

आता हे ज्याला लागतं त्यालाच लागतं. लहानपणी मी आईबरोबर भाजीची टोपली घेऊन पनवेलमध्ये दारोदार हिंडलेली आहे. काही घरांत आईला चहा मिळायचा. तो कप वेगळा असायचा, बाहेर खिडकीच्या फळीवर पालथा घातलेला, कान तुटलेला. आई फुंकर मारून आनंदानं प्यायची, कप विसळून पुन्हा फळीवर पालथा घालायची. मी घ्यायची नाही. शिकल्यावर तर मनाशी ठरवूनच टाकलं होतं की कान तुटक्या कपातून आपण चहा प्यायचा नाही, मग समोर कुणीही असो.

"मी चहा घेत नाही," मी म्हटलं.

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चहा घेत नाहीस, की या कपातून घेत नाहीस?"

मी दाराकडे बघितलं. बाहेर हॉर्न वाजला.

त्या आत गेल्या आणि एका ताटात घरातले सगळे कप मांडून घेऊन आल्या. एकाला खवले होते, एक कमळाच्या देठासारखा मधेच बारीक होता, एक नुसताच गोल, ओंजळीसारखा. कान एकालाही नव्हता. त्यांनी स्वतःसाठी ओतलेला चहाही तसल्याच कपात होता.

"तुटलेला नाही गं," त्या म्हणाल्या. "केलेलाच नाही. माझ्याकडे कोणतीही वस्तू कुणासारखी तरी असते. कपाला कान लावायचा म्हणजे कुणाचा तरी लावायला हवा. आणि लावायचा तर ऐकणाऱ्याचा लावावा. आमच्या ह्यांनी तर जन्मात माझं ऐकलं नाही. त्यांचा लावला असता तर कपानंही ऐकलं नसतं. म्हणून राहिलेत सगळे बिनकानाचे. घे आता, निवतोय."

मी चहा घेतला. दोन्ही हातांत धरून. बाहेर बाबांनी पुन्हा हॉर्न दिला. मावशी म्हणाल्या, "कोण गं हा? म्हैस अडकलीय का कुठे?"

"माझे बाबा आहेत," मी म्हटलं.

"आवाज चांगला आहे," मावशी म्हणाल्या, आणि खोली मला मिळाली. त्या दिवसापासून त्या मला ग्रॅज्युएटबाई म्हणू लागल्या. चिडवायला म्हणत, पण मला आवडायचं.

त्या घरातल्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. शिकवणीची मुलं यायला वेळ असायचा. पडवीत सगळीकडे पांढरी धूळ, पिठाच्या गिरणीसारखी. तिच्यावर ऊन पडलं की हवा दुधासारखी दिसायची, आणि त्या दुधात मावशींचे हात हळूहळू हलत असायचे. आदल्या दिवशीची भट्टी उघडलेली असली तर आतून बारीक आवाज येत राहायचा. टिण्. टिण्. थंड होताना झिलई बोलते, असं त्या म्हणायच्या. "ऐक. आगीतून बाहेर आलं की प्रत्येक भांडं काहीतरी सांगतं. एकदाच. मग जन्मभर गप्प बसून काम करतं." शनिवारी मात्र भट्टी बंद, चाक बंद. "आज माती झोपते," म्हणायच्या आणि स्वतः मांजराशेजारी खुर्ची टाकून बसायच्या.

मी एकदा विचारलं, "मावशी, एवढी छान कला हातात आहे, तर नुसत्या मूर्ती का करत नाही? प्रदर्शनात ठेवता येतील."

त्यांनी टेबलावरचा हत्ती माझ्याकडे सरकवला. कच्च्या हाताचा, एक सुळा लहान, एक मोठा. पाठीत भोक आणि भोकात पेनं.

"हा मी शाळेत असताना केला. आमच्या गल्लीत गणपतीचा कारखाना होता. तिथल्या काकांनी मातीचा गोळा दिला, मी हत्ती केला. वडील घरी आले. आमच्यात मूर्ती करत नाहीत, तुला माहीत आहे. मी रडायच्या तयारीत. वडिलांनी हत्ती हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. त्यांनाही आवडला होता गं, मला दिसत होतं. मग खिशातली पेन्सिल काढली आणि त्याच्या ओल्या पाठीत खुपसली. म्हणाले, 'आता ही मूर्ती नाही. आता हे पेनं ठेवायचं भांडं.'" मावशी हसल्या. "तेव्हापासून माझा तोच कायदा. नुसतं बसतं ते नको. कामाला येतं ते चालेल."

मग बाबा गेले. सकाळी मार्केटला निघायचं म्हणून टेंपोत बसले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं, ते उचललंच नाही. शेजारी आई बसलेली. आई रोज त्यांच्या डाव्या बाजूला बसायची, भाजी मागे. तिला वाटलं, झोप लागली.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. नंतर जे झालं ते सांगायचं आहे.

बाबांचा डावा कान फाटलेला होता. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. एकदा चढाईत समोरच्याच्या बोटात त्यांच्या कानातली बाळी अडकली आणि पाळी मधोमध फाटली. शिवली, पण खाच राहिली. बाबांना त्याची लाज वाटायची. फोटो काढायला उभे राहिले की मान डावीकडे वळवून तो कान लपवायचे आणि श्वास कोंडून धरायचे, गाल फुगवून. त्यामुळे बाबांचे जेवढे फोटो, तेवढे त्या फुगलेल्या गालांचे आणि एकाच कानाचे.

माझ्या चुलतभावानं त्यातलाच एक फोटो स्टुडिओत दिला आणि मोठा करून, फ्रेम करून आणला. प्रेमानंच केलं त्यानं. स्टुडिओवाल्यानं बाबांना कोट घातला, गाल बारीक केले, मान सरळ केली आणि दिसत नसलेला डावा कानही बसवला. उजव्यासारखाच, गुळगुळीत, अख्खा. सगळे म्हणाले, काय रुबाबदार दिसतात. आई नुसता हार घालायची, दिवा लावायची.

काही महिन्यांनी एका सकाळी ती चुलीपुढे बसून म्हणाली, "दर्शू, हा कोन मानूस आनलाय आपल्या घरान?"

"आई, बाबा आहेत."

"ते नाय हे. दोन कानांचा हाय हा." मग हळूच म्हणाली, "मना त्यांचं तोंड आठवना गो. आदी यायचं. आता डोलं मिटलं का हा कोटवाला येतो. तो त्यांना खातंय."

मी शिकलेली. मी तिला सांगितलं, असं होतं, काळ जातो, मन विसरतं. तिनं ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी बघते तर डोळे मिटून बसली होती, भिंतीला टेकून, दुपारभर. काहीतरी हरवलंय आणि अंधारात चाचपडतेय, असं. तिसऱ्या दिवशीही तेच. ती जेवायची कमी झाली. मग मी तिला उचललं आणि मावशींकडे घेऊन गेले. का नेलं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. तिथली हवा बरी होती, एवढंच.

आईनं पडवीत पाऊल टाकलं, चिंबोरी बघितली, पाठ उचलून आतलं मीठ चाटून बघितलं आणि म्हणाली, "बाय, तुमी चिंबोरी खाता?"

"नाही हो. आमच्यात चालत नाही," मावशी म्हणाल्या. "खाता येत नाही म्हणून तिला मीठ राखायला बसवलीय."

"अरारा," आई खरंच हळहळली. "एवरी भरलेली चिंबोरी, नी नुसतं मीठ!"

मग भट्टी बघून म्हणाली, "ही तर पोपटीच." आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून, मडकं पालथं घालून पेंढ्यात भाजतात, ती पोपटी. मावशी म्हणाल्या, "अगदी बरोबर. फक्त इथे शेंगा काढून मडकंच खायचं." दोघी हसल्या. आईला हसताना मी किती दिवसांनी बघत होते.

चहा झाला, बिनकानाच्या कपांतून. आईला कान नसल्याचं काहीच वाटलं नाही. ती इकडेतिकडे बघत होती. "बाय, तुमच्या घरान देव नाय दिसत?"

"दिसत नाही तो."

"मंग?"

"ऐकतो."

आईनं कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाली, "माजे मानसाचा पुतला कराल? जसा व्हता तसा. त्या फोटुतला नाय."

मावशींनी मान हलवली. "पुतळा नाही करत मी, वैनी. आणि केला तर काय होईल, सांगू? तो नुसता बसून राहील. तुम्ही हार घालाल. मग तो दुसरा फोटोच झाला." त्या आईच्या जवळ सरकल्या. "डोळ्यांना आठवत नाही, तर नका विचारू डोळ्यांना. हाताला विचारा. हाताला त्यांचं काय आठवतं?"

आई लाजली. खरंच लाजली, माझ्यासमोर. म्हणाली, "कान."

आणि मग तिनं जे सांगितलं ते मीही कधी ऐकलं नव्हतं. लग्नात अंतरपाट सरकला तेव्हा तिची मान खाली होती, तिनं तिरक्या डोळ्यानं बघितलं तर आधी तो फाटका कानच दिसला. नंतर कानपिळीला तिचा भाऊ आला. नवऱ्याचा कान पिळायचा आणि मानपान घ्यायचा, अशी आमची रीत. भावानं नेमका तोच कान धरला, जखम अजून हळवी होती, आणि बाबा भर मांडवात ओरडले, "आयो!" सगळा मांडव हसला. "मी पन हसली. पदरान तोंड घालून. नी तवाच मना तो मानूस आवरला, मनान भरला." पुढे जन्मभर भांडण झालं की ती तोच कान धरायची. टेंपोत बसल्यावर, अंधारात, मार्केटच्या रस्त्यावर, तिच्या बाजूला तोच कान असायचा. "कवाच माजं ऐकला नाय त्या कानानं," आई म्हणाली.

मावशींनी टेबलावर हात मारला. "मग आपल्या दोघींचे एकाच जातीचे!" आणि हसता हसता त्या थांबल्या. समोरचा बिनकानाचा कप त्यांनी उचलला, आईच्या हाताजवळ नेला, पुन्हा ठेवला.

"वैनी," त्या म्हणाल्या, "कपाला कान असतो ना?"

त्यानंतरचे रविवार आम्ही त्या पडवीत काढले. आईनं एक अट घातली होती. कप कसलाही असो, कान नेऱ्याच्या मातीचा हवा. बाबांच्या शेतातली माती तिनं पिशवीत बांधूनच आणली. मावशींनी ती बोटांत चोळली, वास घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "माझी माती पांढरी, तुमची ही तांबूस. दोन माती भट्टीत एकसारख्या आक्रसत नाहीत. जोडल्या तरी आतून भांडत राहतात. आज नाही तर उद्या कान सुटेल."

"सुटू दे," आई म्हणाली. "आमी काय कमी भांडलो?"

मावशी कान घडवायच्या आणि आईच्या हातात द्यायच्या. डोळे मिटायला लावायच्या. "डोळ्यांनीच तर घोटाळा केला. फोटोवाल्यालाही डोळेच होते ना?" आई ओल्या मातीवरून बोट फिरवायची आणि निकाल द्यायची. "हा नाय. हा आमच्या शेजाऱ्याचा." "हा माजे भावाचा, कवाडासारका." एकदा म्हणाली, "हा कोनाचाच नाय. हा बाजारातला." मावशी रागवायच्या नाहीत. तो कान मोडून पुन्हा गोळ्यात मिसळायच्या. आईला दर वेळी कान मोठा वाटायचा. मावशी म्हणायच्या, "मोठाच करायचा असतो. गेलेलं माणूस पहिल्यांदा केवढं तरी मोठं वाटतं, घरात मावत नाही. आगीतून जाऊन येऊ दे. मापात येतं."

मी तिथेच बसून मुलांच्या वह्या तपासायची. बाहेर आळीत कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायचा. दोन बायका, एक डोळे मिटलेली, एक चिखलात हात घातलेली, जगात नसलेल्या एका माणसाचा कान शोधत होत्या. त्यात मला तेव्हा काहीच विचित्र वाटत नव्हतं. पावसाची सर एका शेतावर पडते आणि शेजारच्यावर पडत नाही, तसा वेळ फक्त त्या पडवीत थांबला होता.

आणि एका रविवारी आईचं बोट खाचेत गेलं आणि तिथेच राहिलं. तिनं अंगठा आणि बोट यांत ती पाळी धरली आणि पिळली. हळूच. ओली माती तेवढी वळली.

मी म्हटलं, "आई, बिघडेल!"

"चूप, ग्रॅज्युएटबाई," मावशी पुटपुटल्या. त्यांनी तो पीळ तसाच ठेवला.

भट्टी उघडली तेव्हा आम्ही तिघी होतो. टिण्. टिण्. पांढरा कप, आणि त्याला तांबूस, फाटका, जरासा पिळलेला कान. आता अगदी मापात. आईनं तो कप पदरात गुंडाळून नेऱ्याला आणला, मांडीवर धरून, लहान मूल आणावं तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा ओतला, कान धरला आणि त्यात तोंड घालून म्हणाली, "साकर संपलीय. आता तरी ऐकता ना?"

पुढे रोजचंच झालं. भावाची तक्रार, गुडघ्याची तक्रार, माझ्या लग्नाची काळजी, सगळं कानात. मग एक दिवस मी वर्गाला निघत असताना तिनं मला थांबवलं. तिचा चेहरा असा होता की मी चप्पल काढून आत आले. "आज दिसलं," ती म्हणाली. "कान धरला नं, तर मागनं हलूहलू गाल आला. मंग डोला. मंग सगलं तोंड. हसत व्हतं." फ्रेमचा फोटो तिनं उतरवला नाही. पण त्याला हार घालायचं बंद केलं. "तो पावन्यांचा हाय," म्हणायची.

मावशींचे गुडघे त्याच वर्षी गेले. मुलीनं तिकडून हट्ट धरला. जायचं ठरलं तेव्हा मावशींनी घरातली एकेक वस्तू वाटायला काढली, आणि प्रत्येकाला द्यायच्या आधी विचारलं, "कामाला लावशील?" चिंबोरी आईला दिली. "निदान तुमच्या घरी तिची कदर होईल." मांजर समोरच्या शिंप्याकडे गेलं. स्वतःच्या आईचा मोरीतला हात त्यांनी बरोबर घेतला, साबणासकट, आणि हत्ती पर्समध्ये, पेनांसकट.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला नाही काही. तू शोकेसमध्ये ठेवशील." आमच्या घरी माझा पदवीच्या झग्यातला फोटो शोकेसमध्ये आहे, ते त्यांनी बघितलं होतं. मग माझ्या गालाला त्यांनी मातीनं माखलेला हात लावला. "तुझ्या घरी आहे की माझा कप. वेळ येईल तेव्हा घे."

मला वाटलं, आईनंतर, असं त्यांना म्हणायचंय. तसं नव्हतं. माती त्यांना माहीत होती.

त्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात कान सुटला. पडला नाही, आपटला नाही. आई कप विसळत होती आणि कान तिच्या हातात आला. कप मोरीत राहिला. आई तशीच बसली, मूठ मिटून. मी धावत जाऊन चिकटवायचं काहीतरी आणते म्हटलं, तर म्हणाली, "ऊन चायानं परत सुटल." तिच्या तोंडावर पुन्हा ती चाचपडणारी छाया आलेली मला दिसली.

मी मावशींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. त्या खुर्चीत होत्या, शाल पांघरलेली. आईनं मूठ उघडून कान दाखवला. मावशींनी चष्मा पुसून बघितला.

"भांडले शेवटी," त्या म्हणाल्या.

"भांडले," आई म्हणाली.

"वैनी, आता तो नुसता कान राहिला. नुसता ठेवू नका हं. देव्हाऱ्यात तर मुळीच नको. मग माझ्या वडिलांना मी काय तोंड दाखवू?"

"नाय ठेवनार," आईनं शब्द दिला.

बरेच दिवस तो कान आईच्या कमरेला बटव्यात होता. ती त्याच्यासाठी काम शोधत होती. दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर वजन म्हणून ठेवून बघितला, हलका पडला. उदबत्ती खोचून बघितली; मला म्हणाली, "नको, हे देवाचंच झालं." मग एक दिवस मी वर्गावरून आले तर दाराच्या चौकटीशेजारी भिंतीत तो बसवलेला. गवंड्याला बोलावून सिमेंटनं पक्का केला होता. आणि त्याच्या फाटक्या पाळीच्या खाचेत घराच्या किल्लीची दोरी अडकवलेली. खाचेत अशी बसली होती, जशी ती पाळी तिच्यासाठीच फाटली होती.

"बाहेर जाताना किल्ली इथून घ्यायची," आईनं मला सांगितलं. "नी आल्यावर इथंच लावायची. जे काय असल ते त्यांचे कानावर घालून जायाचं, कानावर घालून यायाचं. कवापन त्यांना न सांगता निगाली म्हनून मंग ते वरडनार नाय."

तेव्हापासून मी कुठेही निघाले की एक क्षण त्या कानाशी थांबते. बाबा जिवंत असताना मी एवढं त्यांना सांगितलं नव्हतं.

आणि कप माझ्याकडे आला. मी त्याला शोकेसमध्ये ठेवलं नाही. कान जिथे होता तिथे दोन तांबूस खुणा आहेत, बाकी पांढरा. बी.कॉम. झालेली मी रोज सकाळी कान तुटक्या कपातून चहा पिते, दोन्ही हातांत धरून. पाहुणे बघतात. बघू देत.

परवा सकाळी मावशींच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाली. उशाशी हत्ती होता. मी फोन खाली ठेवला आणि आईला सांगितलं. आईनं गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि दाराशी गेली. किल्ली काढून हातात घेतली. मग कानाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात बोलू लागली, बाबांशी बोलायची तसं.

"अवो, रिबकाबाय गेली. तिकडं तुमाला गाठ पडल. तुमी आपले टेंपोत बसून नका ऱ्हाऊ, खाली उतरून समोर जा. तिनं तुमाला कवाच बघितलं नाय. पन कान वलखल ती."